मूळ कोण, हे डीएनए सांगत नाही

सप्टेंबर २०१९मध्ये दक्षिण आशियाच्या प्राचीन लोकसंख्येविषयी दोन शोधनिबंध एकाच सुमारास प्रसिद्ध झाले. ‘सेल’मधला निबंध हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतल्या एका व्यक्तीच्या डीएनएवर होता. ‘सायन्स’मधला निबंध मध्य आणि दक्षिण आशियातल्या ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकीय माहितीवर होता. हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांच्यासह कित्येक लेखक दोन्हींकडे सामाईक होते. तरी काही वृत्तपत्रांनी ‘आर्य बाहेरून आल्याचा सिद्धांत कोसळला’ असे छापले, तर काहींनी ‘आर्य बाहेरूनच आले’ असे.

यावर सुशिक्षित मंडळींचे एक ठरलेले भाष्य असते: विज्ञान निर्मळ आहे, ते गढूळ करतात राजकारणी आणि पत्रकार. हे भाष्य ऐकायला बरे वाटते, पण ते उथळ आहे. वंश, जात आणि राष्ट्र यांच्या कल्पना संशोधन संपल्यावर त्याला येऊन चिकटत नाहीत. नमुना कोणाचा घ्यायचा, गटाला नाव काय द्यायचे, काळाची रेघ कुठे मारायची या निर्णयांबरोबर त्या आधीच आत आलेल्या असतात. माझे म्हणणे याच्याही एक पाऊल पुढचे आहे. ‘या भूमीचा मूळचा कोण’ या प्रश्नाला जनुकशास्त्र उत्तर देऊच शकत नाही. शास्त्र अजून अपुरे आहे म्हणून नव्हे; तो प्रश्न हक्काचा आहे आणि जनुके फक्त नात्याचा हिशेब देतात म्हणून. आणि आपल्या समाजाविषयी हे शास्त्र जे खरोखर ठामपणे सांगते, त्याकडे मूळनिवासीपणाच्या भांडणातले दोन्ही पक्ष पाठ फिरवतात.

१. दोन मथळे, एकच घटनाक्रम

आधी पुरावा पाहू. उष्ण हवामानात हाडांतला डीएनए सहसा टिकत नाही. राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी एकातूनच, तोही जेमतेम, उपयोगी डीएनए मिळाला. ती व्यक्ती बहुधा स्त्री होती. तिच्यात दोन वारसे मिसळलेले दिसले. एक दक्षिण आशियातल्या प्राचीन शिकारी-संकलकांशी जवळचा, दुसरा प्राचीन इराणच्या लोकांशी नाते सांगणारा. पण हा दुसरा वारसा इराणात शेती सुरू होण्याच्याही आधी, १२,००० वर्षांपूर्वीच, वेगळा झालेला. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या, म्हणजे स्टेपमधल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता. एका सांगाड्यावरून एवढे मोठे विधान कसे करायचे, ही शंका रास्त आहे. तिला निबंधात उत्तर आहे: तुर्कमेनिस्तानातले गोनूर आणि इराणातले शहर-ए-सोख्ता इथे याच धाटणीच्या ११ व्यक्ती सापडल्या आहेत. त्या स्थानिकांपेक्षा वेगळ्या, बहुधा सिंधू खोऱ्याकडून गेलेल्या.

दुसऱ्या निबंधाचे म्हणणे असे, की स्टेपचा वारसा दक्षिण आशियात साधारण इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात आला, म्हणजे हडप्पाची नगरे ओसरू लागल्यानंतर. आजच्या काही समूहांत तो ३० टक्क्यांपर्यंत आहे. दोन्ही निबंध शेजारी ठेवले तर विरोध उरत नाही. त्या स्त्रीत स्टेपचा अंश नाही, कारण तो तेव्हा इथे पोचलाच नव्हता. एका बाजूने ‘नव्हता’ एवढे उचलले, दुसरीने ‘आला’ एवढे.

‘आर्य’ हा शब्द मात्र जनुकांत कुठेही नाही. स्टेपच्या डीएनएवर संस्कृत कोरलेले नसते, आणि तो तलवारीने आला की गुरांमागे, हेही त्यावर लिहिलेले नसते. इंडो-युरोपीय भाषा त्या लोकांबरोबर आल्या असाव्यात, हे अनुमान भाषाशास्त्राच्या आधाराने केलेले आहे. माझ्या मते ते बळकट आहे. संस्कृत विद्येची परंपरा सांभाळणाऱ्या काही ब्राह्मण आणि भूमिहार गटांत स्टेपचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळते, हा त्याला मिळालेला आणखी एक टेकू. पण बळकट अनुमान म्हणजे मोजमाप नव्हे. तिकडे एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात २०२४मध्ये राखीगढीच्या डीएनएचा हवाला देऊन ५,००० वर्षांच्या अखंड सातत्याचा सूर आणला गेला. स्टेपचा वारसा नंतर आला, हे राखीगढीच्या निबंधालाही मान्य आहे. त्याच्या आधाराने अखंडतेचा धडा लिहायचा, तर निबंध अर्ध्यावर मिटून ठेवावा लागतो.

२. प्रश्न उपकरणाहून जुना आहे

डीएनएची रचना १९५३मध्ये उलगडली. हा वाद त्याआधीचा आहे, आणि त्यातले काही मोठे टप्पे महाराष्ट्रात घडले. युरोपीय पंडितांनी मांडलेली आर्यांच्या आगमनाची कथा जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त ब्राह्मणांवर उलटवली: तुम्ही बाहेरून आलेले, आम्ही इथले. त्यानंतर तीस वर्षांनी टिळकांनी आर्यांचे आद्य स्थान थेट उत्तर ध्रुवाजवळ नेले, आणि त्यात त्यांना कमीपणा नव्हे, प्राचीनतेचा मोठेपणा दिसला. म्हणजे बाहेरून येणे हे एकाच वेळी लांच्छनही होऊ शकत होते आणि भूषणही. स्थलांतराचा अर्थ स्थलांतरात नसतो, तो सांगणाऱ्याच्या गरजेत असतो. आजचे हिंदुत्ववादी टिळकांचा ध्रुव विसरून ‘इथलेच’ म्हणतात, कारण राष्ट्रीयत्वाची कसोटी आता ‘इथलेपणा’ झाली आहे. पुरावा बदलला म्हणून मत बदलले, असे इथे झालेले नाही.

मोजमापाचेही तसेच. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड वंशात बसवू पाहत होता. १९३२मध्ये गो. स. घुर्ये यांनी त्याच धर्तीच्या आकड्यांची छाननी करून हे सूत्र भारतभर लागू पडत नाही हे दाखवले. आंबेडकरांनी १९४८मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात नाकाची हीच मापे वापरून उलट बाजूचा निष्कर्ष काढला: अस्पृश्यता वंशभेदातून आलेली नाही. इरावती कर्वे यांची कहाणी आणखी बोलकी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्यांच्या असममिततेवर संशोधन करत होत्या. कवटीच्या घडणीत वांशिक श्रेष्ठत्वाचा आधार सापडेल अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. कर्व्यांच्या मोजमापात तो सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. उपकरण तेच, पण प्रश्नातला पूर्वग्रह ओळखणारा संशोधक असला तर निष्पत्ती वेगळी होते. शास्त्राच्या तटस्थतेचा मला मान्य होणारा अर्थ एवढाच.

जनुकशास्त्रात हा पूर्वग्रह आत येण्याच्या तीन जागा आहेत. पहिली नमुन्याची. भारतात नमुने जातीच्या नावाने गोळा होतात; साहजिकच निष्कर्षही जातीच्या नावाने येतात. ‘ब्राह्मणांत अमुक टक्के’ असे वाक्य वाचणारा ब्राह्मण हा एक जैविक गट समजून चालतो. कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८मध्ये महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना केली, तेव्हा एकाच दर्जाचे मानले जाणारे हे गट एकजिनसी निघाले नाहीत. दुसरी जागा नावाची. २००९मध्ये राइक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे लालजी सिंग, थंगराज यांनी भारतीय लोकसंख्येचे दोन प्राचीन घटक मांडले. एकाचे पश्चिम युरेशियाशी असलेले नाते आकड्यांत उघड होते. पण ‘पश्चिम युरेशियाई’ हे नाव भारतीय सहकाऱ्यांना पटेना, कारण ते बाहेरून मोठी लोकसंख्या आल्याचे सुचवत होते. राइक यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की बऱ्याच ताणतणावानंतर ‘प्राचीन उत्तर भारतीय’ आणि ‘प्राचीन दक्षिण भारतीय’ ही नावे ठरली. आकडा एकही बदलला नाही. नावात मात्र भारत आला. यात मला फसवणूक दिसत नाही, कारण काही ना काही नाव द्यावेच लागते. पण ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ हे शब्द आजच्या राजकारणात केवढे वजन बाळगून आहेत, हे ती नावे ठरवणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

तिसरी जागा काळाची, आणि ती सगळ्यांत निर्णायक. आफ्रिकेतून निघालेली माणसे इथे येण्याआधी आपल्या प्रजातीचा माणूस इथे नव्हता. त्यानंतर इराणशी नाते सांगणारा प्रवाह मिसळला, पुढे स्टेपचा. ईशान्येकडून आणि आग्नेय आशियातूनही लोक आले. रेघ ६०,००० वर्षांवर मारली तर एक उत्तर, ५,००० वर्षांवर मारली तर दुसरे, ३,००० वर्षांवर मारली तर तिसरे. कोणती रेघ खरी, हे सांगणारे जनुक नाही. २००१मध्ये विशाखापट्टणम परिसरातल्या जातींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वरच्या जातींतल्या पुरुषांचे वाय गुणसूत्र युरोपीयांच्या अधिक जवळचे आहे, असे त्यात म्हटले होते. गेली कित्येक वर्षे आपल्याकडच्या मूळनिवासी चळवळीच्या भाषणांत तो पुराव्यादाखल येतो. राखीगढीचा निबंध तशाच भाषणांत दुसऱ्या बाजूने येतो. दोघांचे वैर उघड आहे, पण तर्क एकच: जो आधी आला त्याचा देश.

३. पूर्वज आणि जनुके यांचा मेळ बसत नाही

वंशावळीवर आपला फार जीव. कुळी, गोत्र, मूळ गाव हे सगळे एका धाग्याने मागे जाते. हाच ढाचा लोक डीएनएवर बसवतात आणि तिथे गणित चुकते. प्रत्येक पिढीमागे पूर्वजांची संख्या दुप्पट होते. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए दुसऱ्या एकीची. उरलेले १,०२२ जण त्या चाचणीत नसतातच. वीस पिढ्या, म्हणजे साधारण ५०० वर्षे मागे गेले, की हा आकडा दहा लाखांवर जातो. अर्थात त्यांत तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात. म्हणजेच वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

शिवाय डीएनए पुढच्या पिढीत तुकड्यांनी जातो आणि तुकड्यांची संख्या पूर्वजांइतक्या वेगाने वाढत नाही. शिवकाळात, चौदा-एक पिढ्यांपूर्वी, आपल्या पूर्वजांच्या सोळा हजारांवर जागा होत्या. त्यांतल्या बहुतेकांचा एकही तुकडा आज आपल्यात नाही. ते पूर्वज खोटे होते असे नव्हे. पण पूर्वज असणे आणि त्याचा डीएनए अंगात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘आमच्या रक्तात’ म्हणताना आपण त्या एक धरतो. स्टेपचे लोक आले त्याला सुमारे १४० पिढ्या झाल्या. त्या काळातल्या एका गटाला ‘आम्ही’ आणि दुसऱ्याला ‘ते’ म्हणायचे, तर आज जिवंत असलेल्या बहुसंख्य भारतीयांना स्वतःचेच दोन भाग करावे लागतील.

४. ज्या निष्कर्षाचा मथळा झाला नाही

प्रिया मुरजानी, थंगराज, राइक आदींनी २०१३मध्ये ७३ गटांच्या अभ्यासातून भारतातल्या मिश्रणाचा काळ काढला. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथे प्रचंड सरमिसळ झाली आणि मग ती जवळजवळ थांबली. पार्थ मजुमदार यांच्या गटाने २०१६मध्ये काही वरच्या जातींत ही बंदी सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, गुप्तकाळाच्या आसपास घट्ट झाल्याचे मांडले. दोन्ही अभ्यासांच्या पद्धतीत आणि तारखांत फरक आहे, पण दिशा एकच. पूर्वी बेटीव्यवहार खुला होता, नंतर बंद झाला. बंद इतका पक्का, की शेजारच्या गावातल्या दोन जाती हजारो वर्षे शेजारी राहून जनुकांत वेगळ्या राहिल्या. २०१७मध्ये २६३ गट तपासले गेले. त्यांतल्या ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून सगळा समाज वाढल्याची खूण फिन्निश किंवा अश्कनाझी ज्यू लोकांपेक्षाही ठळक होती, आणि हे दोन समाज अशा बंदिस्तपणासाठी जगभर दाखल्यादाखल सांगितले जातात.

माझ्या दृष्टीने भारतीय जनुकशास्त्राचा सर्वांत भक्कम आणि सर्वांत स्फोटक निष्कर्ष हा आहे. आंबेडकरांनी १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे असे मांडले होते. जात म्हणजे वंश नव्हे, ती लग्नाच्या बंदीतून घडलेली चौकट आहे, हे त्यांनी एकही रक्तचाचणी न करता सांगितले. शंभर वर्षांनी आलेले आकडे त्याच दिशेला बोट दाखवतात. तरीही वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा ४,००० वर्षांपूर्वी कोण आले यावर झडतात. २,००० वर्षांपूर्वी लग्ने कोणी बंद केली, आणि ती अजून बंद का आहेत, यावर नाही. आलेल्यांचा हिशेब मागता येतो, कारण ते ‘दुसरे’ असतात. लग्नाची बंदी मात्र आजही रविवारच्या वर्तमानपत्रातल्या वधू-वर पानावर पोटजातींसकट चालू असते आणि ती आपण सगळे मिळून पाळतो.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप जनुकशास्त्राच्या बाजूने येतो. गट नाहीतच असे म्हणणे ढोंग आहे. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२मध्ये माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत असतात हे दाखवले, पण अनेक जनुके एकत्र पाहिली तर माणूस कोणत्या प्रदेशातला हे ओळखता येते, असे ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३मध्ये दाखवून दिले. दोघांचेही बरोबर आहे. जनुकशास्त्राने वंशाची कल्पना कायमची पुसून टाकली, हे उदारमतवाद्यांचे आवडते वाक्यही तितकेच घाईचे आहे. पण प्रदेश ओळखता येतो, म्हणून जगात पाच किंवा सात वंश आहेत असे ठरत नाही. नमुन्यांचे किती गट पाडायचे हा आकडा अशा विश्लेषणात बहुधा संशोधकच संगणकाला देतो. तीन मागितले तर तीन मिळतात, बारा मागितले तर बारा. पुरेसा तपशील असेल तर वर म्हटल्याप्रमाणे एकाच तालुक्यातल्या दोन जातीही वेगळ्या काढता येतात. म्हणून त्यांना कोणी दोन वंश म्हणत नाही. आणि या फरकांचा खरा उपयोग आहेच, पण तो दवाखान्यात. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एका विकराची उणीव बरीच आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे ठरावीक औषध दिले, तर अशा माणसाला शुद्धीवर आल्यावरही श्वास घेणे जड जाते. भूलतज्ज्ञाने रुग्णाचा समाज विचारणे इथे योग्यच आहे. हा फरक वंशाने नव्हे, पुन्हा लग्नाच्या बंदीनेच तयार झालेला आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळच्या लोकांचा आहे. आपण सगळे मिश्र आहोत, हे विज्ञानाने सिद्ध केले. मग तेच वंशवादाविरुद्धचे हत्यार का करू नये? मे २०२२मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालय ‘वांशिक शुद्धता’ तपासण्यासाठी डीएनए उपकरणे घेत असल्याची बातमी आली. मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली, तरी शंभरावर शास्त्रज्ञांनी आणि अभ्यासकांनी पत्र लिहून निषेध केला. तो निषेध योग्यच होता. पण शुद्धता नाही म्हणून समानता, हा युक्तिवाद ठिसूळ आहे. अंदमानातले ओंगे हजारो वर्षे मुख्य भूमीवरच्या लोकांशी फार थोडे मिसळले. मिश्रण हा समानतेचा आधार धरला, तर त्यांच्या हक्कांचे काय करायचे? आणि उद्या एखादा समूह खरोखर ‘शुद्ध’ निघाला, तर त्याला अधिक अधिकार द्यायचे? समानता एखाद्या प्रयोगावर उभी केली, की पुढचा प्रयोग ती काढून घेऊ शकतो.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी हे सोसून दाखवले आहे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटली जाणारी ही मराठीभाषक मंडळी इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांचे पूर्वज तपासायला सांगितले. आंदोलने झाली, आणि १९६४मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव केला. त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वाटा आहे, असे सांगणारा जनुकीय अभ्यास २०१६मध्ये आला. ठरावाने त्याची वाट पाहिली नव्हती. अभ्यासात एक टक्काही सापडला नसता, तरी अलिबाग-पेणच्या गावांत शतकानुशतके पाळलेला शब्बाथ खोटा ठरला नसता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ‘मूळनिवासी’ हा शब्दच निरर्थक ठरवला, तर आदिवासींच्या हक्काच्या दाव्याचे काय? त्यांचा दावा कमकुवत करणे हे तर जमिनी लाटणाऱ्यांच्या पथ्यावरच पडणार. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच दावा कशावर उभा आहे ते नीट पाहायला हवे. अनुसूचित जमाती ठरवण्यासाठी १९६५च्या लोकूर समितीने जे निकष धरले ते वेगळी संस्कृती, भौगोलिक एकांत, संपर्काची भीड, मागासलेपण अशा स्वरूपाचे आहेत. त्यांतल्या काहींची भाषा आज टोचते, पण रक्ताची कसोटी त्यांत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने काळाची रेघ मारली ती उघडपणे: १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा, आणि आदिवासी नसलेल्या वननिवासींसाठी त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे. ही रेघ योग्य की अयोग्य यावर संसदेत भांडता येते, न्यायालयात जाता येते, ती बदलून मागता येते; ६०,००० वर्षांच्या रेघेबाबत यातले काहीच करता येत नाही. कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून जुने नकाशे आणि जनगणना चालतात, विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने चालतात, गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेने केलेल्या दाव्यावर. त्यासाठी गावातल्या कुणाचे रक्त तपासावे लागले नाही.